भीमेचा झिंगा आणि समुद्राचं अंतर

सोलापुरात सात रस्त्याच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः उजनीचं. थेट जलवाहिनीतून आलेलं, नाहीतर भीमेत सोडून औज बंधाऱ्यात अडवलेलं आणि टाकळीहून उपसलेलं. या नदीत झिंगेही आहेत, आणि ते टिकवायचे म्हटलं की आपल्याला एकच उपाय सुचतो: पावसाळ्यात जाळं बंद. उपाय वाईट नाही. पण तो सगळ्या झिंग्यांना सारखाच लागू पडतो, हे मला पटत नाही. कृष्णा खोऱ्यातला बारका झिंगा घ्या. शास्त्रज्ञांनी कृष्णेच्याच नावावरून त्याला मॅक्रोब्रॅकियम किस्टनेन्स म्हटलं. त्याची मादी अंडी पोटाखालच्या पायांना चिकटवून फिरते आणि ते पाय सतत हलवत त्यांना ताजं पाणी देत राहते. अंडी मोजकीच, पण टपोरी. पिल्लू बरंचसं घडूनच बाहेर येतं, त्यामुळे त्याला समुद्राची गरज पडत नाही. याच काटकसरीमुळे त्याची प्रत्येक अंडीवाली मादी मोलाची, आणि भरल्या पोटाचे झिंगे चवीला चांगले म्हणून तीच आधी कढईत जाते.

जंबो झिंग्याचा हिशेब नेमका उलटा. मोठी मादी एका वेळी 80 हजार ते एक लाख अंडी घालते, पण पिल्लांना दोनएक दिवसांत मचूळ पाणी मिळालं नाही तर ती मरतात. हे कोडं 1961 साली मलेशियातल्या पेनांगला शाओ-वेन लिंग यांनी सोडवलं. आता उजनीपासून बंगालच्या उपसागरापर्यंतची वाट पाहा: भीमेवरचे बंधारे, मग कृष्णेवर श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा. कुठलं पिल्लू पोचणार? म्हणजे धरणात वा शेततळ्यात सोडलेला जंबो बीज केंद्रातूनच यायचा. त्याची अंडीवाली मादी पाण्यात परत सोडणं हे पुण्य असेल, मत्स्यव्यवस्थापन नव्हे. उलट लांब निळ्या नांग्यांचे दांडगे नर वेळच्या वेळी काढले, तर त्यांच्या दबावाखाली खुंटलेले धाकटे वाढीला लागतात. इथे मोठा धरणं हेच शहाणपण.

कुणी म्हणेल, हातावर पोट असणाऱ्या मच्छीमाराला दोन-दोन नियम कशाला? आक्षेप पोटाचा आहे, म्हणून झटकून टाकता येत नाही. बारका झिंगा बारीक आसाच्या जाळ्यातच सापडतो आणि त्याच जाळ्यात रोहू-कटल्याची बोटुकलीही येतात. तेव्हा बोटुकली वाचवायला नुसती अशा जाळ्यावर बंदी घातली की मच्छीमाराची रोजची मिळकत जाते. पण पोटाखालचा अंड्यांचा घोस नुसत्या डोळ्यांना दिसतो. ती मादी वेचून परत टाकल्याने पाटीतलं वजन फारसं घटत नाही, जाळं बंद ठेवल्याने मात्र पाटीच रिकामी राहते. शेजारचा सोडत नसेल तर मीच का सोडू, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर एकट्या माणसाकडे नाही, मच्छीमार सोसायटीने सगळ्यांसाठी एकदम ठरवायला हवं. मत्स्यव्यवसाय विभागाने पावसाळी बंदी जरूर ठेवावी, फक्त तिच्या फलकावर एक ओळ वाढवावी: बारक्या झिंग्याची अंडीवाली मादी पाण्यात, जंबोचा नांगीवाला नर बाजारात.