रुळांमधली फट

रेल्वेच्या शब्दांवर माणसानं फार विश्वास ठेवू नये. ‘फिशप्लेट’ म्हणजे मासे वाढायची बशी नव्हे. दोन रुळांची टोकं सांधणारी, बोल्ट मारलेली पट्टी ती. संपूर्ण शाकाहारी. ‘स्लीपर’ तर दोन. एकावर आपण आरक्षण करून झोपतो. दुसरा रुळांखाली बिनआरक्षणाचा आडवा पडलेला असतो आणि अख्खी गाडी अंगावरून गेली तरी कूस बदलत नाही.

पण माझा जीव जडला तो रुळांमधल्या फटीवर. पोलाद उन्हानं वाढतं. १३ मीटरचा रूळ ३० अंशांनी तापला, की साधारण साडेचार मिलिमीटर लांबतो. पाय पसरायला जागा मिळाली नाही तर तो वाकडा होतो. मे महिन्यात दोन खोल्यांत सात पाहुणे उतरले की आपण होतो तसा. म्हणून फट ठेवायची. तिच्यावरून चाक गेलं की ‘खडाक्’.

हा खडाक् म्हणजे आमच्या मामांची खाजगी मालमत्ता. हातात घड्याळ धरून ४७ सेकंदांत किती खडाक् होतात ते मोजायचे. जेवढे खडाक्, तेवढे ताशी किलोमीटर! १३ मीटरच्या रुळांचं साधं त्रैराशिक आहे, करून पाहा. जोडचाकांचा जोडखडाक् एकच धरायचा आणि शेजारच्या चाकांचे मोजायचे नाहीत, एवढी दोन पथ्यं.

“बावन्न!” मामा जाहीर करायचे.

“आणि जेवायचं कितीला?” मामी विचारायची.

पुढे रूळ वेल्डिंगनं जोडून लांबच लांब झाले. ते अजूनही उन्हात वाढू बघतातच. पण काँक्रीटचे जड स्लीपर, रूळ आवळून धरणारे चाप आणि खडी मिळून त्यांना जागचं हलू देत नाहीत. भर उन्हात रेल्वेची माणसं पायी फिरून रुळांवर नजर ठेवतात, तेव्हा कुठे आपल्या कपातला चहा हिंदकळत नाही.

अशाच एका प्रवासात मामा घड्याळ धरून बसले. ४७ सेकंद झाले. पुन्हा ४७ झाले. मग हळूच मला म्हणाले, “गाडी थांबलीय का रे?”

बाहेर शेतं पळत होती. “नाही मामा. आता रूळ जोडलेत.”

ते काही बोलले नाहीत. तेवढ्यात स्टेशन आलं, गाडीनं सांधा बदलला आणि चाकांखाली चांगला खणखणीत खडाक् झाला. मामांचा चेहरा उजळला.

“म्हणजे कान शाबूत आहेत,” असं म्हणून त्यांनी घड्याळ खिशात टाकलं आणि मामीला सांगितलं, “काढ डबा.”