जुन्या मोटारी आल्प्सच्या घाटात

वाचकहो, मी कृषी खात्यातला माणूस. माझे आयुष्य बांधावर हिंडण्यात गेले. मोटारींचा शौक मला कधीच नव्हता. पण माझा भाचा इंग्लंडमध्ये इंजिनिअर आहे आणि त्याने १९५७ सालची एक मॉरिस ऑक्सफर्ड गाडी जिवापाड जपली आहे. तुम्ही ती पाहाल तर म्हणाल, अहो, ही तर आपली अँबॅसडर! ते काही खोटे नाही. याच गाडीवरून आपल्याकडे अँबॅसडर निघाली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली.

२०२४ च्या मे महिन्यात खरिपाच्या धांदलीआधी रजा काढून मी भाच्याकडे गेलो होतो. त्याच्या मंडळींच्या आठ जुन्या गाड्या फ्रान्सला निघाल्या होत्या. "मामा, चला," असे तो म्हणाला आणि मी शेजारी बसलो. या प्रवासात जे शिकलो, ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

जत्रेला निघण्याआधी आपण बैलांना नाल ठोकून घेतो, चाकांना वंगण देतो. या मंडळींचेही तसेच. चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना तिकडे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे जबाबदारी सगळी मालकाच्या अंगावर. निघण्यापूर्वी महिनाभर आधी प्रत्येकाने ब्रेक उघडून पाहिले, ब्रेकचे तेल बदलले, रेडिएटर धुऊन घेतला. डिकीत पंख्याचा पट्टा, पाण्याचे रबरी पाइप, पॉइंट, कंडेन्सर, फ्यूज आणि पाण्याचा कॅन. गाडी बंद पडली तर रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण आणि अंगात घालायचे चमकणारे जाकीट फ्रान्समध्ये सक्तीचे आहे. गाडीची मूळ कागदपत्रे, विमा, परवाना हे सारे एका पिशवीत, आणि ती पिशवी कुठे आहे हे घरच्या दोघांना तरी ठाऊक.

डोव्हरहून बोटीने दीड तासात कॅले बंदर येते. बोटीतून उतरले की रस्त्याची बाजू बदलते. इंग्लंडमध्ये आपल्यासारखे डावीकडून चालतात, फ्रान्समध्ये उजवीकडून. गाडीचे चाक मात्र उजव्याच हाताला. त्यामुळे पुढच्या गाडीला मागे टाकताना चालवणाऱ्याला समोरचे दिसत नाही, डावीकडे बसलेल्यालाच दिसते. ते काम माझ्याकडे आले. टोलचे पैसेही मीच देत होतो, कारण टोलची खिडकी माझ्या बाजूला! दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून काचेवर पट्ट्या चिकटवल्या होत्या.

पेट्रोल भरतानाही ही मंडळी जपून असत. तिकडे दहा टक्के इथेनॉल मिसळलेले आणि पाच टक्क्यांपर्यंत मिसळलेले अशी दोन प्रकारची पेट्रोले मिळतात. ते इथेनॉल बीट आणि गव्हापासून होते, आपले उसापासून आणि मक्यापासून. शेतकऱ्याला ते फायद्याचे आहे, पण जुन्या रबराला ते सोसत नाही आणि हवेतले पाणी ते ओढून घेते. म्हणून पेट्रोलवरचा फवारणी पंप हंगाम संपल्यावर रिकामा करून ठेवा. आपल्या पेट्रोलमध्ये तर आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते.

आठ गाड्या कशा चालवायच्या? आपल्या दिंडीसारख्या. सर्वांत हळू चालणारी गाडी पुढे, हत्यारे असलेली सर्वांत मागे. वळण आले की मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचे. मध्ये इतके अंतर ठेवायचे, की गावकऱ्याची गाडी सहज शिरावी. रोज सकाळी मुक्कामाचे गाव प्रत्येकाच्या कागदावर लिहिलेले असे.

आमची वाट होती नेपोलियनची. १८१५ च्या मार्चमध्ये एल्बा बेटावरून निसटून तो गोल्फ-जुआनच्या किनाऱ्यावर उतरला आणि डोंगरवाटेने ग्रनोब्लला पोचला. सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. वाटेत द्युराँस नदीच्या खोऱ्यात सफरचंदाच्या बागा लागतात आणि त्यांवर गारपिटीसाठी जाळ्या. आपल्या द्राक्षबागा आठवल्या आणि जीव हळहळला.

पण खरी गोष्ट पहिल्याच दिवशीची. कास्तेलान गावाकडे वळणावळणाने उतरताना भाचा सारखा ब्रेक दाबत होता. जळका वास आला. मग तो एकदम म्हणाला, "मामा, पेडल खाली चाललंय!" डोंगराच्या बाजूला रुंद जागा होती म्हणून बचावलो. त्याने गिअर खाली घेतला, हातब्रेक ओढला आणि गाडी कशीबशी थांबली. माझे हात थरथरत होते. चाकातले ड्रम तापून फुगतात, लायनिंगची पकड सुटते, तेल उकळते. अर्धा तास थांबलो, तेव्हा ब्रेक ताळ्यावर आले.

तिसऱ्या दिवशी लाफ्रे गाव आले. तिथून व्हिझीलपर्यंत सहा-सात किलोमीटरचा सरळ, तीव्र उतार आहे. ला सालेत या देवस्थानाहून परतणारी यात्रेकरूंची बस इथे १९७३ मध्ये कोसळली आणि ४३ माणसे गेली. २००७ मध्ये तसेच घडले आणि २६ यात्रेकरू गेले. माथ्यावर आमच्या म्होरक्याने सगळ्यांना थांबवले आणि म्हणाला, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. भाच्याने माथ्यावरच दुसरा गिअर टाकला. ब्रेक मधूनमधून, थोडाच. खाली पोचेपर्यंत कोणी बोलले नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हे सारे मी का सांगितले? कामानिमित्त फिरताना मी पाहतो, जत्रेहून परतणाऱ्या ट्रॉलीत चाळीस-पन्नास माणसे आणि चार लिटर डिझेल वाचावे म्हणून घाटात ट्रॅक्टर न्यूट्रल. बहुतेक ट्रॉलींना स्वतःचा ब्रेक नसतो. मुळात ट्रॉली माणसे नेण्यासाठी नाहीच. पण माल घेऊन उतरतानाही माथ्यावर थांबा, दोन्ही ब्रेकची खिट्टी लावा, खालचा गिअर टाका आणि तळ येईपर्यंत बदलू नका.

यंदा जत्रेला निघताना ट्रॅक्टर कोण चालवणार ते विचारा, आणि हे त्याला सांगा. घरी तुमची वाट पाहणारे असतात.