मन्हा बाप वावरमा गया

पारोळा, ज्येष्ठ

चि. सौ. ताईस,


तुझ्या पहिलीच्या वर्गातल्या त्या पोऱ्याची तू फोनवर सांगितलेली गोष्ट डोक्यातून जात नाही. बाप कुठे, असं विचारल्यावर तो चटकन म्हणाला, "मन्हा बाप वावरमा गया." कुणीतरी "नीट बोल" म्हणून टोकलं, आणि पोऱ्या दिवसभर गप्प.

त्या अहिराणी वाक्यात चूक कुठंच नाही. 'वावरमा'तला 'मा' गुजरातीतही आहे. 'आहे'ऐवजी येणारा अहिराणी 'शे' हा 'छे'चा भाऊबंद, तर 'माले, तुले'मधला 'ले' वऱ्हाडात ऐकू येतो. गुजरात, माळवा आणि दख्खन जिथं एकमेकांना भेटतात, तिथं ही भाषा घडली. तिचं नाव आभीरांचं, म्हणजे अहिरांचं. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीनं 'काव्यादर्शा'त काव्यातल्या आभीरांच्या बोलीला अपभ्रंश म्हटलं होतं. भाषाभ्यासक ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीत 1907 साली खानदेशी, म्हणजे हीच अहिराणी, मराठीच्या खंडात न येता भिल्ली भाषांशेजारी आली.

पुढं ती पोटामागं सुरतेला गेली. उधना, लिंबायतच्या खानदेशी माणसांची आजही कारखान्यात हिंदी, बाजारात गुजराती, लग्नपत्रिकेत मराठी आणि चुलीपाशी अहिराणी असते. चार भाषा सांभाळणारी ही माणसं अडाणी कशी?

तरी जनगणनेत खानदेशी सांगणारे 2001 साली सुमारे 20 लाख 75 हजार होते, ते 2011 साली 18 लाख 60 हजारांवर आले. त्यांतल्या किती घरांनी भाषा खरंच टाकली आणि किती जणांनी लाजेनं 'मराठी' सांगितलं, हे त्या आकड्यात दिसत नाही. ती लाज मात्र मी आपल्या गल्लीत पाहिली आहे.

मराठी पोऱ्याला पक्की यायलाच हवी. कचेरी, बँक, परीक्षा सगळं तिच्यातच चालतं. पण ती घरच्या बोलीला धरून यावी. शक्य तिथं मातृभाषेतून शिकवावं, असं 2009 चा शिक्षणहक्क कायदाही सांगतो. फळ्यावर दोन ओळी एकाखाली एक लिही. 'मन्हा' खाली 'माझा', 'वावरमा' खाली 'शेतात', 'गया' खाली 'गेला'. वरची ओळ त्यालाच वाचू दे.

आणि बापानं यंदा वावरात कपाशी लावली की मका, ते त्याला त्याच्याच बोलीत विचार. काय म्हणाला ते मला कळव.

तुझा मामा