खोक्यांवरची नावं

दोस्तांनो, युद्धाचे सिनेमे आपण पोत्यानं बघितले. त्यात शिपाई मरतात, झेंडे फडकतात, आणि कामगार माणूस कुठं तरी मागं धुरात उभा असतो. 'द ट्रेन' त्यातला नाही. १९६४ सालचा, काळा-पांढरा, जॉन फ्रँकनहायमरनं काढलेला. सुरुवातीलाच पाटी येते, की हा सिनेमा फ्रान्सच्या रेल्वे कामगारांना अर्पण, जिवंत असलेल्या आणि मेलेल्यांना. मी तिथंच सरसावून बसलो. आपल्याला कोण काय अर्पण करतं?

वस्तीतल्या अभ्यासिकेत लॅपटॉपवर बघितला. इंग्रजी निम्मं कळलं, निम्मं परत परत लावून कळून घेतलं.

ऑगस्ट १९४४. पॅरिस जर्मनांच्या हातातनं सुटायला आलंय. वाल्डहाइम नावाचा जर्मन कर्नल म्युझियममधली चित्रं खोक्यांत भरून आगगाडीनं जर्मनीला न्यायला निघतो. म्युझियमची बाई रेल्वेतल्या बंडखोर माणसांकडं येते. म्हणते, गाडी अडवा, पण चित्रांना धक्का लावू नका. हा फ्रान्सचा गौरव आहे. त्यांचा म्होरक्या लाबिश (म्हणजे बर्ट लँकेस्टर) सरळ नाही म्हणतो. आम्ही अठरा होतो, आता तीन उरलोय, तुझ्या चित्रांसारखी आमची माणसंही दुसरी मिळत नाहीत, असं काहीसं बोलतो. मला हे फार पटलं. भाषण नाही, नुसता हिशोब. आणि तरी पुढं हेच लोक त्या खोक्यांसाठी एकेक करून मरतात.

पहिला जातो तो म्हातारा ड्रायव्हर, पापा बूल. तो इंजिनच्या तेलाच्या वाटेत नाणी कोंबतो. तेल पोचत नाही, बेअरिंग तापतं, इंजिन बसतं. जर्मनांना त्याच्याकडं तेलानं माखलेली नाणी सापडतात आणि भिंतीशी उभा करून त्याला गोळ्या घालतात. मग तेच इंजिन लाबिशला दुरुस्त करावं लागतं. धातू वितळवतो, ओततो, थंड होऊ देतो, घासतो, बसवतो. संवाद जवळपास नाहीच. नुसते हात. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर रात्रपाळी करतो. बेअरिंग तापलं की वास आधी येतो, आवाज मागनं येतो. हिरोच्या हाताला खरं काम करताना मी सिनेमात असं कधी बघितलं नव्हतं. आपल्याकडचा हिरो कामगार असला तरी त्याच्या हाताला काळं लागत नाही.

पुढची हिकमत तर काय सांगू! रेल्वेवाले वाटेतल्या स्टेशनांच्या पाट्याच बदलतात. जर्मनांना वाटतं गाडी जर्मनीत शिरली, आणि गाडी गोल फिरून परत फ्रान्समध्येच. साहेब पाटी वाचतो, कामगाराला रूळ ठाऊक असतो.

एवढं बघून मी थांबलो नाही. खरं काय घडलं ते शोधत बसलो.

खरी बाई होती. रोझ व्हॅलाँ. लोहाराची मुलगी, १८९८ साली खेड्यात जन्मलेली. पॅरिसच्या झ द पोम या म्युझियममध्ये तिनं कित्येक वर्षं बिनपगारी काम केलं. नाझींनी लुटलेली चित्रं आणून ठेवायला हीच इमारत धरली. गोअरिंग तिथं वीसेक वेळा येऊन स्वतःसाठी माल निवडून गेला. रोझ बाईला जर्मन कळायचं, पण तिनं ते कुणाला कळू दिलं नाही. दिवसा गप्प राहून ऐकायचं, मागनं टिपून ठेवायचं. कुठली चित्रं, कुणाची, कुठं गेली. तिच्या १९६१ सालच्या पुस्तकावरनंच हा सिनेमा निघाला.

गाडीही खरी होती. पाच डब्यांत चित्रांची १४८ खोकी. गाडीत डबे मात्र पन्नासाच्या वर. बाकीच्यांत काय होतं? ज्यूंच्या घरांतनं उचललेलं सामान. नाझींनी पॅरिसमधली हजारो घरं रिकामी केली होती. त्या सामानावर कुणी सिनेमा काढला नाही. गाडी रेल्वेवाल्यांनी कागदपत्रांत आणि रुळांवर रखडत ठेवली. १० ऑगस्टला त्यांनी संपच केला. २७ ऑगस्टला ओने-सू-ब्वा इथं फ्रेंच सैनिकांनी ती ताब्यात घेतली. त्यांचा लेफ्टनंट होता अलेक्सांद्र रोझेनबर्ग, एका ज्यू चित्रविक्रेत्याचा मुलगा. खोक्यांत त्याच्या बापाचीच चित्रं निघाली.

आता बघा. सिनेमात 'फ्रान्सचा गौरव' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, पण ही चित्रं मुळात ज्यू माणसांच्या भिंतींवरनं ओरबाडलेली, हे एकदाही येत नाही. मालकाचं नावच खाऊन टाकलं. राष्ट्राचा वारसा म्हणायचं आणि ज्याचं होतं त्याला वगळायचं. ही चलाखी आपल्याला नवी नाही.

आणखी एक गोष्ट वाचली, तेव्हापासून डोक्यातनं जात नाही. ३१ जुलै १९४४ ला त्याच भागातल्या बोबिन्यी स्टेशनातनं एक गाडी औश्वित्झला सुटली. तेराशेवर माणसं, त्यांत तीनशेवर पोरं. चित्रांची खोकी दुसरीकडच्या डब्यांत चढली ती त्याच आठवड्यात. चित्रांची गाडी फ्रान्सच्या बाहेर गेली नाही. माणसांची पोचली. १९४२ पासून अशा गाड्यांनी पंच्याहत्तर हजारांवर ज्यू फ्रान्समधनं नेले गेले, आणि सरहद्दीपर्यंत इंजिनावर फ्रेंच ड्रायव्हरच असायचे. मी त्यांना शिव्या घालायला बसलेलो नाही. पाठीशी बंदूक होती. डब्यांतनं फेकलेल्या चिठ्ठ्या रुळांवरनं उचलून घरच्यांना पोचवणारे रेल्वेवालेही होतेच. पण ज्या हातांनी तेलाची वाट बंद करता येते, त्या हातांना हेही ठाऊक असणार की कुठल्या गाडीखाली ती बंद करायची. मालाच्या त्या डब्यांवर आधीपासून लिहिलेलं असायचं : माणसं ४०, घोडे ८.

सिनेमाचा शेवट सांगतो. गाडी पाडू नये म्हणून जर्मनांनी इंजिनावर गावकरी ओलीस बसवलेत. लाबिश तरी ती रुळांवरनं उतरवतो. जर्मन पळता पळता ओलिसांना मशीनगननं झोडपून जातात. खोकी विखुरलेली. रनवार, पिकासो, कोण कोण, सगळ्यांची नावं ठळक अक्षरांत. शेजारी प्रेतं, त्यांना नाव नाही. वाल्डहाइम लाबिशला हिणवतो. अर्थ असा, की माकडाच्या हाती मोती दिल्यासारखी ही चित्रं तुझ्या हाती. ज्याला सौंदर्य कळतं त्याचंच ते असतं.

च्यायला, हा कर्नल मला ओळखीचा वाटला. आपल्याकडं ह्याला 'अधिकार' म्हणतात. ज्याला कळतं त्याचा अधिकार, आणि कळायला लागतं ते शिकायचाही अधिकार त्याचाच. एका वाचनालयात मी चित्रांचं जाडजूड पुस्तक काढून उभा होतो. तिथल्या माणसानं विचारलं, हात धुतलेत का? मग म्हणाला, हे तुमच्या उपयोगाचं नाही, कथा-कादंबऱ्या तिकडं आहेत. हात स्वच्छ होते. मी पुस्तक ठेवलं नाही, तिथंच बाकावर बसून संपेपर्यंत बघितलं.

लाबिश उत्तर देत नाही. मेलेल्या माणसांकडं बघतो, कर्नलला गोळ्या घालतो आणि लंगडत निघून जातो. खोक्यांकडं ढुंकून बघत नाही. अभ्यासिकेतल्या पोरांनी इथं टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. त्याचा एक दोस्त आधी म्हणालेला असतो, हे सगळं संपलं की आपणही ती चित्रं एकदा बघू या. तो डब्यांचं छत रंगवून झाल्यावर गोळी लागून मेला. त्याच्या वतीनं तरी लाबिशनं एक फळी उचकटायला हवी होती. मी असतो तर पहार घेऊन एक खोका उघडला असता, रनवार नावाचा माणूस काय काढत होता ते बघितलं असतं, आणि मग गेलो असतो.