पायलटचा पाणक्या

१०८ च्या गाडीवरच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात. २०१४ साली राज्यात ९३७ रुग्णवाहिका घेऊन ही सेवा सुरू झाली, आणि या एका नावानं आम्हा ड्रायव्हर मंडळींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मागं डॉक्टर, पुढं पायलट! ती गाडी सोडून मी अग्निशमनच्या बंबावर गेलो, तेव्हा गडहिंग्लजच्या मिरची बाजारात ओळखीच्या एका मामांनी चारचौघांत विचारलं, "काय रं पायलट, पाणक्या झालास व्हय?" सगळे हसले, मीही हसलो. मामांचा नेम तसा बरोबर लागला होता.

लोकांना वाटतं, इकडंही सायरन, तिकडंही सायरन. गाडीचा रंग तेवढा बदलला. प्रत्यक्षात काम पार उलटं होतं.

गडहिंग्लजहून हमरस्त्यानं कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात पेशंट न्यायचा, तर वाटेत कर्नाटक लागतो. आपल्याच जिल्ह्याचं ठिकाण गाठायला निपाणीवरून परराज्य ओलांडायचं. गळिताच्या दिवसांत उसानं लादलेल्या ट्रॉल्या चढाला रांगत असतात. मागं माणूस कण्हतोय, नातेवाईक "जरा दामटा की" म्हणतायत, आणि मला मान वळवून बघायची सोय नाही. दामटायचं, पण खड्ड्यात हिसका बसू द्यायचा नाही. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर उतरलं की माझं काम संपलं. तो माणूस पुढं जगला की नाही, हे क्वचितच कळायचं. तोवर दुसरा कॉल आलेला असायचा.

बंबावर मात्र गाडी थांबली की काम सुरू होतं. पीटीओ लावला की चाकांना मिळणारी इंजिनाची ताकद पंपाकडं वळते. मग मी पॅनेलपाशी उभा, नजर प्रेशर गेजवर आणि हात थ्रॉटलवर. पुढं ब्रांच, म्हणजे पाइपाचं तोंड, धरलेल्या दोघांचा भरवसा त्या हातावर असतो. दाब जास्त झाला तर ब्रांच माणसाला मागं रेटते, कमी पडला तर पाणी जाळापर्यंत पोचत नाही. टाकीतलं पाणी बघता बघता सरतं, म्हणून अर्धं चित्त पुढचं पाणी कुठं मिळेल याच्या हिशेबात.

आमच्याकडची आग म्हणजे बऱ्याचदा ऊस नाहीतर गवताची गंजी. तारेची ठिणगी पडून फड पेटला की आधी लाईट बंद करावी लागते, म्हणजे विहिरीवरची मोटारही बंद. अशा वेळी हिरण्यकेशीवरचा कोल्हापुरी बंधारा कामाला येतो. सक्शन पाइप पाण्यात सोडायचा, पालापाचोळा शिरू नये म्हणून टोकाला जाळी. खरं तर पंप पाणी ओढत नाही. प्रायमर पाइपातली हवा काढून टाकतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. म्हणून इंजिन कितीही दणकट असलं तरी सातेक मीटरपेक्षा खोलचं पाणी वर घेणं अवघड. सांध्यातून जराशी हवा शिरली तर इंजिन नुसतंच बोंबलतं. तिथं रेस वाढवून उपयोग नसतो, सांधा आवळावा लागतो. घाटात वाटा काढण्यात हयात घालवलेल्या माणसाला ही शिस्त अंगी बाणवायला वेळ लागतो.

फडाचा मालक शेजारी उभा असतो. जळका ऊस लगोलग तोडून घालवावा लागतो, वजन घटतं, वर कारखान्याची कपात. सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, सगळं तो माझ्याजवळ बोलून मोकळा होतो, कारण धग पुरती निवेपर्यंत मी तिथून हलणार नाही, हे त्याला दिसत असतं.

आमच्या तालुक्यातल्या नेसरीच्या खिंडीत १६७४ साली प्रतापराव गुजर सहा साथीदारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. या मातीत वाढलेल्याला तुटून पडणं हेच शौर्य वाटतं. अग्निशमनाचं शिक्षण वेगळं सांगतं: एकट्यानं आत शिरायचं नाही, आत कोण गेलं याचा हिशेब बाहेरच्यानं ठेवायचा. एवढं करूनही आग दगा देते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीच्या स्फोटात अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीनं चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला, त्यात खुद्द मुंबईचे मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर होते. आत जाणाऱ्यानं काय पणाला लावलेलं असतं हे माहीत असलं, की बाहेर राहून त्याचं पाणी तुटू न देणं दुय्यम वाटत नाही.

१०८ वरची पोरं अधूनमधून विचारतात, "दादा, तिकडं यावं का?" पगार, ड्युटी, भरती हे सगळं सांगतोच. पण आधी विचारतो, गाडी थांबल्यावर तुला करमतं का? करमत असेल तर फायरमनचा सहा महिन्यांचा कोर्स कर आणि ये. नसेल करमत, तर बाबा, आहेस तिथंच राहा. घाटात अजूनही कुणाला तरी वेळेवर पोचवायचं असतंच.