एकास साडेतीनशे

१२ मार्च
ड्रॉइंग आज भिंतीवर लावलं. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतलं अंतराळजहाज एंटरप्राइझ, प्रमाण एकास साडेतीनशे. मालिकेत या जहाजाची लांबी ९४७ फूट धरलेली आहे, म्हणजे २८९ मीटर. माझ्या मॉडेलमध्ये ती साडेब्याऐंशी सेंटिमीटर भरते. वरच्या तबकडीचा व्यास ४१७ फूट, तो येतो छत्तीस सेंटिमीटरच्या थोडा वर. मागच्या दोन इंजिनांच्या नळ्या चव्वेचाळीस सेंटिमीटरच्या. माणूस मात्र पाच मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याएवढा. हा दाणा मी ड्रॉइंगवर जागोजाग पेन्सिलीने उभा केला आहे. कुठलंही माप ठरवताना आधी त्याच्याकडे बघायचं.

याच प्रमाणातलं किट परदेशातून मागवता येतं आणि ते चांगलं असतं. पण माझा जन्म कोल्हापुरात उद्यमनगरात पॅटर्न बनवण्यात गेला. बिडाचं ओतकाम होण्याआधी जे लाकूड घडवावं लागतं, ते माझं काम. आणि या जहाजाचं मूळ मॉडेलही तसंच घडलेलं आहे. मॅट जेफरीज यांची रचना, रिचर्ड डेटिन यांनी बरबँकच्या मॉडेलशॉपमधल्या कारागिरांच्या साथीने १९६४ च्या अखेरीस ते पूर्ण केलं. लांबी अकरा फुटांच्या वर. पॉप्लरचं लाकूड, साच्यावर ओढलेलं प्लॅस्टिक, पत्र्याच्या नळ्या. दूरदर्शनवर ही मालिका बघायचो तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. कळल्यापासून हे जहाज मला आमच्याच धंद्यातलं वाटत आलं आहे, म्हणून ते लाकडापासूनच करायचं.

१९ मार्च
तबकडी पोकळ हवी, आत दिवे आहेत. तेव्हा लाकडाचा साचा करून त्यावर दोन मिलिमीटरची हिप्स प्लॅस्टिकची शीट ओढायची. इथे आमचं गणित निम्मं उलटं होतं. ओतकामाचं पॅटर्न नेहमी थोडं मोठं करतात, कारण बीड थंड होताना शंभरात एक भाग आकसतं. त्यासाठी श्रिंकेजची वेगळी फूटपट्टीच असते. इथे शीट साच्याच्या वरून बसणार, म्हणजे तिच्या जाडीइतका साचा बारीक करायचा. शिवाय हिप्सही गार होताना किंचित आकसतं, ते पुन्हा वाढवायचं. एका बाजूला जाडीची वजाबाकी, दुसऱ्या बाजूला आकसाची बेरीज. दुपारभर हाच हिशेब मांडत बसलो होतो. जेवायला तीनदा हाक मारावी लागली, असं हिचं म्हणणं.

५ एप्रिल
साचा लेथवर चढवला. एमडीएफच्या थाळ्या एकावर एक चिकटवून ठोकळा केला होता. वरची बाजू सोपी, किंचित फुगीर. खालच्या बाजूला खरी कलाकुसर आहे. मधल्या घुमटाभोवती पृष्ठभाग हलकासा आत खचतो आणि कडेला येताना पुन्हा वर येतो. फोटोत हा खोलावा दिसतही नाही, पण तो सपाट ठेवला तर तबकडी जेवणाच्या ताटासारखी जड दिसते. टेम्प्लेट लावून उजेडासमोर धरायचं आणि जिथून उजेडाची फट दिसेल तिथे हात थांबवायचा. शेवटचा अर्धा मिलिमीटर पटाशीने जात नाही, तिथे पॉलिश पेपरच लागतो.

खोलाव्याच्या तळाला एक मिलिमीटरची भोकं पाडली. हवा तिथून ओढली गेली नाही तर शीट खोलाव्यावर ताणून बसते आणि आत उतरतच नाही.

२८ एप्रिल
शिरोलीला पॅकिंगचे ट्रे करणाऱ्या एका कारखान्यात शीट ओढून मिळाली. मालक स्वतः मशीनपाशी उभे होते. शीट तापून मध्ये ओघळायला लागली की टेबल वर येतं, पंप सुरू होतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत आकार उमटतो. खालची तबकडी सुटून हातात आली तेव्हा ते म्हणाले, “काका, हा कसला ट्रे?” मी सांगितलं. त्यांनी ती उजेडाकडे धरून फिरवली, खोलाव्यावरून अंगठा फिरवला आणि पैसे घेतले नाहीत. जास्तीच्या दोन शीटही दिल्या.

१४ मे
इंजिनांच्या नळ्या. बरेच जण इथे पीव्हीसी पाइप वापरतात. पाइप एकसारखा असतो, आणि या नळ्या मागे जाताना निमुळत्या होतात. फरक थोडाच आहे, पण जहाजाचा सगळा वेग त्या थोड्या उतारात आहे. लेथवर टेपर लावून सागवानात काढल्या, मग उभ्या चिरून आतून कोरल्या. कोरणं दोन कारणांसाठी. पुढच्या घुमटात मोटर आणि दिवे बसायचे आहेत, आणि वजन कमी करायचं आहे. दोन पातळ खांबांवर एवढ्या लांब नळ्या तोलायच्या म्हणजे पुढेमागे त्या झुकणारच. मुळातल्या मोठ्या मॉडेललाही वर्षानुवर्षांच्या वजनाने हे दुखणं लागलं होतं. मी खांबांच्या पोटात पितळी पट्टी घातली आहे, ती खाली धडाच्या लाकडात बोटभर खोल जाते. पट्ट्या दोन दोन, एकमेकींपासून अलग. त्यांतूनच दिव्यांचा करंट वर जाईल, वेगळी वायर नको.

९ जून
पाऊस सुरू झाला. रंगकाम आता बंद. एनसी रंगाचा थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंग पांढुरका, धुरकट होतो. गाड्या रंगवणारेसुद्धा या दिवसांत उन्हाची वाट बघतात. तोवर खिडक्या आणि वायरिंग.

१० जून
पुण्याहून एक ओळखीचे गृहस्थ आले होते. तेही मॉडेल करतात, हात उत्तम आहे. तबकडी बघून म्हणाले, “फारच गुळगुळीत ठेवलीत. थोडे पॅनल कोरा, पाइप लावा, चार झडपा चिकटवा. जीव येईल.”

त्यांचं म्हणणं एका परंपरेतून आलेलं आहे आणि ती परंपरा थोर आहे. १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मधलं डिस्कव्हरी घ्या, किंवा १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधली जहाजं. रणगाड्यांच्या, युद्धनौकांच्या किटमधले हजारो तुकडे काढून त्या कारागिरांनी अंगभर बसवले. त्यातल्या मिलेनियम फाल्कनच्या पाठीवर नजर ठरत नाही. ते मालवाहू, ठिगळं लावलेलं, मालकाने स्वतः दुरुस्त केलेलं जहाज आहे, त्याला ते शोभतं.

पण जेफरीज यांचा विचार वेगळा होता आणि तो मला पटतो. ते स्वतः विमान उडवणारे गृहस्थ. त्यांनी असं धरलं, की इतक्या पुढच्या काळातल्या जहाजात जे काही बिघडू शकतं ते आतून दुरुस्त करता आलं पाहिजे. पाना घेऊन माणसाला बाहेरच्या पोकळीत पाठवायचं कशाला? म्हणून बाहेर काही नाही. इंजिनांची ताकद भयंकर, म्हणून ती माणसांच्या वस्तीपासून लांब, खांबांवर. आकार असा कामातून निघालेला आहे. त्यावर शोभेची झडप लावली की लगेच विचारावंसं वाटतं, ही उघडतो कोण आणि उभा राहतो कुठे?

पुन्हा तांदळाचा दाणा. माझ्या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे पस्तीस सेंटिमीटर. सुईने कोरलेली अर्ध्या मिलिमीटरची नाजूक रेघ ही प्रत्यक्षात साडेसतरा सेंटिमीटर रुंदीची चर होईल. जहाजाच्या कातडीत पाऊल अडकेल एवढी फट ठेवणारा फॅब्रिकेटर मला तरी माहीत नाही. मूळ मॉडेलच्या तबकडीवर रेषा होत्या, त्या पेन्सिलीने काढलेल्या. हाताला लागत नव्हत्या, कॅमेऱ्याला जेमतेम दिसत होत्या. त्या माणसांना प्रमाण कळत होतं.

हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांना पटलं असं नाही, पण जाताना पेन्सिल कुठली वापरणार ते विचारून गेले.

१८ जुलै
नात सुट्टीला आली आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. वायरिंग तिच्याकडे. बारा व्होल्टचा सप्लाय, तीन-तीन पांढरे एलईडी एका ओळीत, प्रत्येकी तीन व्होल्ट, उरलेल्या तीन व्होल्टसाठी ३३० ओहमचा रेझिस्टर. करंट नऊ मिलिअँपिअर. “यापेक्षा जास्त नको आबा, खिडकीतून दिवा दिसायला पाहिजे, हॅलोजन नको,” असं तिचं म्हणणं. बरोबर आहे.

हिप्समधून उजेड झिरपतो. दिवा लावला की अख्खी तबकडी कंदिलासारखी उजळते आणि सगळं प्रमाण कोसळतं. म्हणून आतून आधी काळ्या रंगाचे दोन हात, वर पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा तो आतल्या आत फिरवतो. सांध्यांना आतून ॲल्युमिनियमची टेप.

खिडकी करायची पद्धत अशी. दीड मिलिमीटरचं भोक पाडायचं, चौकोनी खिडकी असेल तर दोन भोकं शेजारी, मग सुई-कानशीने कोपरे. कानस फक्त पुढे जाताना दाबायची. मागे घेताना दाबली तर प्लॅस्टिकला केस सुटतात. आतून ट्रेसिंग पेपर. काही खिडक्यांच्या मागे नातीने काळा कागद लावला. मी विचारलं, या का बंद? म्हणाली, “चारशे तीस माणसं आहेत आबा, शिफ्टमध्ये काम करतात. कुणीतरी झोपलेलं असेल ना.” मूळ मॉडेलवरही काही खिडक्यांत उजेड आहे आणि काही नुसत्या काळ्या रंगवलेल्या आहेत. तिने ते बघितलेलं नव्हतं.

२ सप्टेंबर
इंजिनांचे पुढचे घुमट. पहिल्या पायलट भागाच्या वेळी इथे नुसते लाकडी घुमट होते, टोकाला सळई, दिवा नाही. मालिका सुरू झाल्यावर आत फिरणारी पाती, मागे लुकलुकणारे ख्रिसमसच्या माळेतले रंगीत बल्ब आणि आरशाचे तुकडे आले. पुढे धुरकट केलेला घुमट. इतक्या साध्या वस्तू, आणि पडद्यावर आतमध्ये काहीतरी प्रचंड घुसळलं जातंय असं वाटायचं. आजही संगणकावर केलेल्या कितीतरी इंजिनांत ते वाटत नाही.

बाजारात सध्या गणपतीच्या माळा लागलेल्या आहेत. एक रंगीबेरंगी, आपोआप लुकलुकणारी माळ आणली आणि लहानात लहान दिवे कापून घेतले. मोटर गिअरची, बोटाच्या पेराएवढी. पाती पातळ ॲक्रिलिकची. मोटर थेट लाकडावर बसवली की सागवानाची नळी तंबोऱ्यासारखी घुमते, म्हणून भोवती फोमचं अस्तर. आरसे जुन्या कॅसेटच्या डबीएवढ्या तुकड्यातून कापले, प्रत्येक वेगळ्या कोनात. दोन्ही घुमटांत पाती विरुद्ध दिशांना फिरतात.

२१ ऑक्टोबर
आकाश मोकळं झालं. प्रायमर, वॉटर पेपर, पुन्हा प्रायमर.

रंगाचा प्रश्न मोठा आहे. पडद्यावर जहाज कधी पांढरं, कधी निळसर दिसतं, तो स्टुडिओच्या दिव्यांचा खेळ. मोठं मॉडेल १९७४ मध्ये स्मिथसोनियनकडे गेलं, त्यानंतर त्याची अनेकदा डागडुजी झाली. १९९१ च्या डागडुजीत पॅनलच्या रेषा इतक्या ठळक झाल्या की जाणकार हळहळले. मग २०१४ ते २०१६ मध्ये संग्रहालयाने रीतसर काम केलं. एक्स-रे काढले, लोकांकडून जुने फोटो मागवले. तबकडीच्या वरच्या बाजूला मात्र साठच्या दशकातला मूळ रंग टिकून होता, त्यावरून बाकीचा जुळवला. राखाडी, त्यात हिरवटपणाची किंचित झाक. वरच्या बाजूला त्यांनी हात लावला नाही, फक्त ती स्वच्छ केली. हा निर्णय मला फार आवडतो. नवं करण्याची खुमखुमी आवरणं हेही कारागिराचंच काम आहे.

मी राखाडीत हिरवा थेंबाथेंबाने टाकला आणि प्रत्येक नमुना दिवसाच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे बघितला.

२३ ऑक्टोबर
पेन्सिलीच्या रेषा. एच पेन्सिल, टोक पॉलिश पेपरवर सपाट केलेलं, वर मॅट लॅकरचा एक उडता हात. हातभर अंतरावरून दिसतात, दोन पावलं मागे गेलं की जातात.

६ नोव्हेंबर
आकडे. जहाजाचा नंबर एनसीसी-१७०१. जेफरीज यांच्या स्वतःच्या विमानाचा नंबर एनसीने सुरू व्हायचा. आणि आकडे निवडताना त्यांनी तीन, सहा, आठ, नऊ टाळले, कारण लांबून ते एकमेकांसारखे दिसतात. रंग लावायच्या आधी मी कागदी स्टेन्सिल परसाच्या दुसऱ्या टोकाला टांगून खात्री केली. एक, सात, शून्य, एक: शंकाच राहत नाही.

मोठं मॉडेल होण्याआधी सुमारे तेहतीस इंचांचं एक लहान मॉडेल बनलं होतं. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्याकडे ते होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पहिल्या चित्रपटाच्या कामासाठी उसनं दिलं आणि परत आलं नाही. २०२३ मध्ये ते एका ऑनलाइन लिलावात उगवलं आणि २०२४ मध्ये त्यांच्या मुलाच्या हाती पोहोचलं. माझं साडेबत्तीस इंचांचं. म्हणजे त्या हरवलेल्या मॉडेलचा आकार रोज माझ्या टेबलावर असतो.

राहिली डावी बाजू. मोठ्या मॉडेलच्या डाव्या अंगातून वायरी आत जातात, म्हणून चित्रीकरण उजव्या बाजूचंच व्हायचं आणि डावीकडे फारसं काही केलेलंच नव्हतं. नात म्हणते मुळाबरहुकूम तसंच ठेवा. पण वायरी मी खालच्या स्टँडमधून घेतल्या आहेत, आणि डावीकडच्या खोल्यांतही माणसं राहत असणारच. उद्यापासून डावीकडच्या खिडक्या. कुठल्या उजेडात आणि कुठल्या काळ्या, ते तिनेच ठरवायचं.