धुऱ्यापलीकडचा भाऊ

जठारपेठ, अकोला

चि. बाळू यास,
प्रभूत आशीर्वाद.

तुझं पत्र दुपारी मिळालं आणि कुरडयांचा चीक तसाच पातेल्यात राहिला. घर पुरं झालं, रविवारी उपकारस्तुती आहे, दारावर कोणतं वचन कोरू ते आत्यानं सांगावं, इथवर वाचून डोळे भरून आले. तुझे बाबा असते तर अमरावतीपर्यंत पायी निघाले असते. मग पान उलटलं. तिथे तू लिहितोस, दादाला बोलावलेलं नाही. देवाशी माझं सगळं नीट आहे, माणसांचं माणसं बघतील.

असं लिहवलं तरी कसं रे तुला?

मत्तयाचा पाचवा अध्याय तू संडे स्कूलच्या पोरांकडून पाठ करून घेतोस. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाकडे जायचं. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे याची तिथे चौकशीच नाही. त्याच्या मनात काय आहे तेवढं बघायचं. आणि ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, धुऱ्यावरच्या बाभळीलाही ठाऊक आहे.

नाताळात तू संदेश दिलास तेव्हा मी पुढच्याच बाकावर होते. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना गाडीत जाळून मारलं, आणि त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली, हे तू सांगत होतास. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मीही पुसले. पण दादा मागच्या दाराशी उभा होता आणि तू उतरून दुसऱ्या दारानं गेलास. ओडिशातली क्षमा सांगायला सोपी जाते, बाळू. वावर एकच असलं की जीभ जड होते.

तू म्हणशील, दादाचं चुकलं नाही का? चुकलं. दोन तासं आत नांगर त्यानंच घातला, मी त्याला तोंडावर सांगितलंय. पण तो आधी माफी मागेल, मग बघू, हे तुझं गणित कुठल्या शास्त्रातलं? आपण वैरी होतो तेव्हाच देवानं आपल्याशी समेट केला, असं पौल रोमच्या मंडळीला लिहितो. आपण सुधारून येऊ म्हणून तो थांबला नाही. थांबला असता तर तुझं आणि माझं काय झालं असतं?

आणि ते ‘आमचं पटत नाही’ तर मला ऐकवूच नकोस. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं ते ‘स्मृतिचित्रे’त वाच. (माझी प्रत तू नेलीस, ती अजून परत आलेली नाही.) नवरा जिवंत, आणि संसार मोडलेला. काही वर्षं त्या लेकराला घेऊन पंढरपुरात राहिल्या. पुढे नवऱ्याकडे राहायला आल्या त्या काही ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. सोवळंओवळं घेऊनच आल्या, आणि टिळकांनी ते चालवून घेतलं. जातिभेद माणसानं केलेला आहे हे लक्ष्मीबाईंना पटलं ते एकत्र राहायला लागल्यावर, त्यांच्या स्वतःच्या विचारानं. राहुरीला बाप्तिस्मा झाला 1900 साली. म्हणजे आधी एका छपराखाली येणं झालं, एकमत मागाहून. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला तोही बाप्तिस्मा घेतलेल्या न घेतलेल्या सगळ्यांसाठी. त्या माणसानं एवढं अंतर ओलांडलं, आणि तुम्हाला दोघांना एक धुरा ओलांडवत नाही. एकाच आईच्या मांडीवर, एकाच पाळकाच्या हातून पाणी शिंपडलेली पोरं तुम्ही!

आता कडू बोलते. त्या सालच्या कापसाच्या चुकाऱ्याचं काय? वावर सामाईक होतं, पैसे तुझ्या खात्यात आले आणि तिथेच राहिले. जक्कयानं येशूला घरात घेतलं तेव्हा नुसतं गोड बोलला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. चौपट जाऊ दे, दादाचा अर्धा वाटा तरी दे. दक्षिण आफ्रिकेत डेझमंड टुटूंच्या सत्य आणि समेट आयोगापुढे माफी हवी असलेल्यांना केलेलं सगळं खरं सांगावं लागे. माफी मिळून गेली, आणि ज्यांनी सोसलं त्यांची भरपाई वर्षानुवर्षं रखडली. तिथली माणसं त्याबद्दल अजून बोलतात. तुझ्या नव्या घराची फरशी चुकाऱ्यातली नाही ना? मला उत्तर देऊ नकोस, दादाला दे.

आणि मंडळीच्या कमिटीकडे अर्ज कशाला केलास? भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं, दोघांतच बोलायचं. मग दोघे-तिघे न्यायचे. मंडळी सगळ्यात शेवटी. तू शेवटाकडून सुरुवात केलीस. आता कमिटीतही दोन तट पडलेत. पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला दादा उठला नाही, बसून राहिला. तू उठलास. कोणाचं बरोबर ते मी ठरवणार नाही, पण मला रात्रभर झोप नव्हती.

वचन म्हणशील तर यहोशवाच्या चोविसाव्यातलं पंधरावं सगळेच लावतात. तू सध्या दार कोरंच ठेव.

शनिवारी सकाळीच बडनेऱ्याहून गाडी पकड. फोन करू नकोस, मोबाइलवर निरोप तर नकोच. दादा तो वाचून तसाच ठेवून देतो. दारात जाऊन उभा राहा. पाळकांना सोबत आणू नकोस. ओरडला तर ओरडू दे, वहिनी पाणी आणेल.

तुला कळवू नको म्हणून त्यानं बजावलंय, तरी कळवते. महिनाभर खोकला आहे. डॉक्टरांनी एक्सरे सांगितला, तो अजून काढलेला नाही. पोरगा पुण्यात, वहिनीचे गुडघे धरलेले, नेणार कोण? वजनही उतरलंय, सदरा खांद्यावरून लोंबतो. ऊन पंचेचाळीसला टेकलंय आणि हा दुपारी वावरात जातो. कोणाचं ऐकत नाही, तुझं लहानपणी ऐकायचा. येताना ओला रुमाल डोक्याला बांध, आणि शनिवारी त्याला दवाखान्यात नेल्याशिवाय परत जाऊ नकोस.

तुझी,
आत्या